डाव्या खांद्याचा दावा

फ्लूची लस घेतली की दंड दुखतो आणि दोन दिवसांत उतरतो, हे गृहीत धरूनच आपण सुईसमोर बसतो. त्यामुळे त्या रात्री कूस बदलताना मी कळवळून उठले, तेव्हा नवरा झोपेतच "बर्फ लाव" म्हणाला आणि पुन्हा घोरायला लागला. त्याचं काही चुकलं असं नाही. कोणीही हेच सांगितलं असतं.

२०२१ चा ऑक्टोबर होता. न्यू जर्सीत घराजवळच्या एका औषधांच्या दुकानात शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी लस घेतली. स्वेटरची बाही घट्ट होती, वर सरकेना, म्हणून गळ्याकडून ओढून खांदा उघडा केला. मी खुर्चीत बसलेली, लस देणारी व्यक्ती उभी, मागे रांग. सुई शिरली ती दंडाच्या मांसल भागात नाही. बरीच वर, खांद्याच्या हाडाच्या अगदी खाली. हे सगळं आता इतकं नेमकं सांगता येतं, कारण पुढे ते मला शपथेवर लिहून द्यावं लागलं. त्या वेळी एवढंच जाणवलं की दर वर्षीपेक्षा जोरात लागलं.

खांद्याच्या टोकाचं हाड हाताला लागतं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडून सुई द्यायची असते. तिथे डेल्टॉइड हा जाड स्नायू असतो आणि लस त्यात जायला हवी. सुई वर गेली तर स्नायूच्या खाली असलेल्या बर्सात, म्हणजे सांध्याचं घर्षण कमी करणाऱ्या पातळ पिशवीत, लस पडू शकते. लसीचं कामच शरीराची प्रतिकारशक्ती चेतवण्याचं. ती सांध्याजवळ चेतली की सूज तिथेच धरते, आणि मग ती दोन दिवसांत उतरत नाही. याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सिर्व्हा' म्हणतात. हा लसीतल्या द्रव्याचा दोष नव्हे, सुईच्या जागेचा आहे. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझी गोष्ट ऐकून मंडळातल्या एकीने लगेच "म्हणूनच आम्ही मुलांना काही टोचून घेत नाही" असं सुरू केलं होतं. मी दर वर्षी फ्लूची लस घेते. सैल बाहीचा कुडता घालून जाते आणि देणाऱ्यालाही बसायला सांगते, एवढाच फरक.

पहिले काही आठवडे आयबुप्रोफेन, शेक आणि 'होईल कमी' यांत गेले. केस बांधायला हात मागे जाईना. गाडीचा पट्टा डाव्या खांद्यावरून ओढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. वरच्या फडताळातला डबा काढायला मुलीला हाक मारायची. नोव्हेंबर सरता सरता नेहमीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली. त्यांनी एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. पुढे हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात वर-खाली करून पाहिला आणि विचारलं, "याच हातात अलीकडे लस घेतली होती का?" हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच. एमआरआयमध्ये बर्सात पाणी आणि स्नायूच्या कंडरेला सूज दिसली. स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं, फिजिओथेरपी सुरू झाली. मधल्या काळात सांधा इतका आखडला की कागदावर 'फ्रोझन शोल्डर' हा शब्द येऊन बसला.

भरपाई नावाचं काही असतं हे मला एका कागदावरून कळलं. अमेरिकेत लस देताना हातात माहितीचा एक छापील कागद देतात. तो कोणी वाचत नाही. माझा पर्समध्ये घडी घालून तसाच राहिला होता. त्याच्या शेवटी राष्ट्रीय लस-इजा भरपाई योजनेबद्दल चार ओळी होत्या. मी वाचून दाखवल्या तर नवरा म्हणाला, "आपली ग्रीन कार्डाची फाइल रांगेत, आणि तू सरकारवर केस करणार?"

त्याची धास्ती अगदीच पोकळ नव्हती, कारण या दाव्यात प्रतिवादी म्हणून नाव लागतं ते केंद्रीय आरोग्य खात्याच्या सचिवांचं. लस टोचणारी व्यक्ती, दुकान, लस बनवणारी कंपनी, यांपैकी कोणीही दाव्यात नसतं. १९८० च्या दशकात लस-कंपन्यांवर इतके खटले पडले की काही कंपन्यांनी लसी बनवणंच सोडलं आणि तुटवडा पडायची वेळ आली. तेव्हा १९८६ मध्ये संसदेने कायदा केला आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून ही योजना चालू झाली. कंपनीवर किंवा लस देणाऱ्यावर थेट दावा लावण्याआधी या दारातून जावंच लागतं. इथे कोणाचा हलगर्जीपणा सिद्ध करावा लागत नाही. पैसे येतात ते एका निधीतून. लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांसाठी असेल तितक्या रोगांमागे ७५ सेंट, असा कर त्यात जमा होतो. फ्लूच्या लसीमागे ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीमागे सव्वादोन डॉलर. म्हणजे त्या शुक्रवारी मी स्वतःही या निधीत ७५ सेंट घातलेच होते.

वकील शोधताना मला वाटलं होतं, जवळपासचा कोणी गाठावा. पण हे दावे चालतात वॉशिंग्टनच्या युनायटेड स्टेट्स कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, आणि त्या कोर्टाची सनद असलेला वकील कुठल्याही राज्यात बसून काम करतो. माझी वकील चार राज्यं पलीकडची. तिला मी प्रत्यक्ष कधीच भेटले नाही, आणि कोर्टाची पायरीही कधी चढले नाही. सगळं फोन, ईमेल आणि स्कॅनवर.

तिचा पहिला प्रश्न: कोणती लस? फ्लूची म्हटल्यावर तिचा स्वर सैलावला. कोविडची असती तर तिला फार काही करता आलं नसतं, कारण कोविडच्या लसी या योजनेत नव्हत्या. त्यांच्यासाठी वेगळी खिडकी. तिथे लस घेतल्यापासून एका वर्षात अर्ज करायचा, न्यायाधीश नाही, वकिलाची फी आपल्या खिशातून, आणि वेदनेची अशी भरपाईच नाही. माझ्या ऑफिसमधल्या एकाचा खांदा अगदी माझ्यासारखाच गेला होता, पण कोविडच्या बूस्टरने. त्याला मी मोठ्या उत्साहाने माझ्या वकिलीणबाईंचा नंबर दिला आणि तो दोन मिनिटांत फोन ठेवून परत आला. दोघांचे एमआरआय शेजारी ठेवले असते तर डॉक्टरलाही वेगळे ओळखता आले नसते.

दुसरा प्रश्न: सहा महिने झाले का? इजेचे परिणाम सहा महिन्यांहून जास्त टिकले पाहिजेत, नाहीतर इस्पितळात दाखल होऊन शस्त्रक्रिया झालेली असली पाहिजे, अशी कायद्याची अट आहे. तेव्हा सहा महिने व्हायचे होते. "उपचार चालू ठेवा, मग बोलू," म्हणाली. उलट्या बाजूची मर्यादा तीन वर्षांची, पहिलं लक्षण दिसल्यापासून मोजायची. आणि सरकारकडे लसीच्या त्रासाची नुसती नोंद करायची जी वेगळी व्यवस्था आहे, तिथे नोंदवलं म्हणजे दावा लागला असं होत नाही, हेही तिनेच सांगितलं. मी ती नोंद करून निर्धास्त होणारच होते.

नवऱ्याच्या शंकेवर तिचं उत्तर एका वाक्याचं होतं: कायदा नागरिकत्व विचारत नाही, लस कुठे टोचली ते विचारतो. फीबद्दलही असंच. या दाव्यांत वकिलाला अर्जदाराच्या रकमेतून टक्का घेता येत नाही. त्याची फी कोर्ट ठरवतं आणि त्याच निधीतून देतं. दावा प्रामाणिकपणे आणि काही वाजवी आधारावर लावलेला असेल तर हरल्यावरही देऊ शकतं. इथल्या रस्त्यारस्त्यावर अपघाताच्या वकिलांचे 'जिंकलो तरच पैसे' असे फलक पाहून मी भलत्याच तयारीने फोन केला होता.

मग कागद जमवणं सुरू झालं. सहा महिने उलटल्यावरसुद्धा दावा दाखल व्हायला बराच काळ गेला, तो यातच. लस घेतल्याचा दाखला हवा, आणि त्यात कोणता हात ते हवं. कित्येक दुकानांच्या संगणकात सगळ्यांनाच एक ठरावीक हात छापून येतो म्हणे. माझ्या संमतीपत्रावर 'डावा' या चौकटीत बॉलपेनने खूण होती, आणि ती पाहून वकिलीणबाईंना झालेला आनंद मला तेव्हा अनाकलनीय वाटला. शिवाय लसीच्या आधीच्या तीन वर्षांचे सगळे वैद्यकीय कागद. सगळे म्हणजे सगळे: स्त्रीरोगतज्ज्ञांकडचे, त्वचेच्या डॉक्टरांकडचे, एकदा ताप आला म्हणून गेले होते तिथले. त्यातल्या एका कागदात 'संगणकावर बसून मान दुखते' अशी दोन वर्षांपूर्वीची एक ओळ निघाली. ही ओळ कधी बोलले ते मला आठवत नव्हतं, पण पुढे ती सरकारी वकिलांच्या लेखी अहवालात सापडली.

कारण अटी अशा आहेत. २०१७ च्या मार्चपासून खांद्याची ही इजा कायद्याच्या अधिकृत तक्त्यात आहे. तक्त्यात बसलात तर लसीमुळेच झालं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. (मधे हा प्रकार तक्त्यातून काढून टाकण्याचा नियम आला होता. २०२१ च्या जानेवारीत तो प्रसिद्ध झाला, पण लागू होण्याआधीच एप्रिलमध्ये मागे घेतला गेला. माझी लस त्यानंतरची, हे माझं नशीब.) तक्त्यात बसण्यासाठी चार गोष्टी लागतात. आधी त्या खांद्याची अशी तक्रार नसावी जिच्यामुळे आताचं दुखणं समजावता येईल. दुखणं आणि आखडलेपण ज्या खांद्यात लस दिली त्यापुरतंच असावं. मानेची नस दबण्यासारखं दुसरं कारण नसावं. आणि दुखणं लसीनंतर ४८ तासांच्या आत सुरू झालेलं असावं.

माझं घोडं अडलं ते या शेवटच्या अटीपाशी. आता मागे वळून पाहिलं तर सगळा दावा म्हणजे त्या ४८ तासांचीच गोष्ट आहे. बाकीचं कागदोपत्री होऊन गेलं.

झालं होतं असं. नोव्हेंबरअखेरीस मी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा आधी सहायिका आत आली. वजन, रक्तदाब, आणि टाइप करता करता, "काय होतंय?" मी म्हटलं, डावा खांदा दुखतोय, महिना झाला, जास्तच झालाय. तिने लिहिलं: 'डाव्या खांद्याचं दुखणं, एक महिन्यापासून.' लसीचा उल्लेख नाही. महिना म्हणजे दुखणं ऑक्टोबरच्या शेवटी सुरू झालं असा अर्थ निघतो, आणि लस तर महिन्याच्या मध्यावर. बोलण्यातला 'महिना' कोर्टात तीस दिवसांचा होतो. डॉक्टरांच्या खोलीत केलेली नोंद ही कोर्टाच्या दृष्टीने सहसा विश्वासार्ह, कारण बरं होण्यासाठी माणूस तिथे खरं बोलतो असं धरलेलं आहे. वर्षभराने दिलेलं शपथपत्र तिच्यापुढे हलकं पडू शकतं.

दावा दाखल झाला. ४०२ डॉलर शुल्क वकिलांनीच भरलं. क्रमांकाच्या शेवटी 'व्ही' हे अक्षर मिळालं, आणि मग नुसती शांतता. या कोर्टात निवाडा करणारे असतात स्पेशल मास्टर. कायद्याने ते जास्तीत जास्त आठ, आणि नवे दावे वर्षाला हजारावर. त्यात खांद्याच्या दाव्यांचा वाटा मोठा. मधेच एक दिवस पत्र आलं: २४० दिवस उलटले, निकाल झालेला नाही, तुम्हाला दावा मागे घ्यायचा असेल तर घेऊ शकता. मी घाबरून फोन केला. "हे सगळ्यांनाच येतं," ती शांतपणे म्हणाली. कायद्यात २४० दिवसांत निकाल द्यायचा असं लिहिलेलं आहे, म्हणून ते उलटले की कळवावं लागतं.

अखेर सरकारी बाजूचा अहवाल आला. मानेच्या त्या ओळीवर एक परिच्छेद होता. तो हाडांच्या डॉक्टरांच्या तपासणीने निकालात निघाला, मानेतून काही येत नाही असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलं होतं. पण सुरुवात ४८ तासांत झाल्याचा पुरावा नाही, असं ठामपणे म्हटलं होतं. वकिलीणबाईंनी विचारलं, "त्या दोन दिवसांतलं काहीही. मेसेज, ईमेल, फोटो?"

मला पहिली आठवली ती ताई. ती ठाण्यात असते आणि आमचं रोज काही ना काही चालू असतं. व्हॉट्सॲपवर मागे मागे जात गेले, आणि लसीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच रोमन अक्षरांत लिहिलेलं सापडलं: रात्रभर झोप नाही, डावा हात वर जात नाही, काल लस घेतली तिथेच दुखतंय. त्यावर ताईचं उत्तर: "अगं मग डॉक्टरला दाखव की. आणि हळद-दूध घे." माझ्या फोनवर या मेसेजची वेळ सकाळी ६.४०. पडताळा म्हणून ताईने तिच्या फोनवरूनही तेच संभाषण काढून पाठवलं, तर त्यावर दुपारचे ४.१०. वकिलीणबाईंच्या ऑफिसातून काळजीचा ईमेल आला की दोन प्रतींत साडेनऊ तासांचा फरक कसा? जिथे सगळा वाद ४८ तासांचा, तिथे साडेनऊ तास म्हणजे थोडे नव्हेत. शेवटी भारतीय वेळ आणि इथली उन्हाळी वेळ यांवर एक परिच्छेद शपथपत्रात गेला. मजकुराचं इंग्रजी भाषांतर एका जाणकाराकडून करून, ते खरं असल्याचं त्याचं निवेदन जोडलं. हळद-दुधासकट. एक ओळ गाळली असती तर काय लपवलं असं कोणी विचारलं असतं.

दुसरा पुरावा मला सुचलाच नसता. तो मुलीने काढला. त्याच शनिवारी संध्याकाळी मंडळाची कोजागरी होती आणि मी पेटीवर. दर वर्षी असतेच. पेटी उजव्या हाताने वाजवतात आणि डाव्या हाताने भाता मारतात. भाता ओढायला फार जोर लागतो असं नाही, पण हात सतत पुढे-मागे जात राहतो, आणि त्या संध्याकाळी मला दुसरं कडवंही निभेना. मग मुलगी शेजारी येऊन बसली, तिने भाता मारला आणि मी नुसते स्वर धरले. तिची लय माझ्याशी जुळत नव्हती, मधेच हवा संपून सूर मान टाकत होता, आणि लोक हसत होते. कोणीतरी फोनवर ते सगळं टिपलेलं. मसाला दुधाच्या पातेल्यापासून सुरू होऊन कॅमेरा आमच्यावर येतो. लस शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास, चित्रफीत शनिवारी रात्री नऊची. तबल्यावर बसलेल्या मित्राने शपथपत्र दिलं की ही बाई इतकी वर्षं आमच्याबरोबर वाजवते, तिचा भाता दुसऱ्या कोणी मारलेला मी त्या दिवशीच पाहिला.

वकिलीणबाईंना पेटी समजावून सांगण्यात आमचा एक पूर्ण फोन गेला. तिच्या डोळ्यांपुढे गळ्यात अडकवायचं अकॉर्डियन होतं. शेवटी मी पेटी कॅमेऱ्यासमोर ठेवून वाजवून दाखवली. तोवर भाता जेमतेम मारता येऊ लागला होता.

दुखणं कधी सुरू झालं या मुद्द्यावर स्पेशल मास्टरनी लेखी निर्णय दिला. कायद्यातच एक कलम आहे की लक्षण कागदात नोंदलेलं नसेल किंवा चुकीच्या तारखेला नोंदलेलं असेल, तरी ते मुदतीत सुरू झालं असं मानता येतं. मात्र नुसत्या अर्जदाराच्या सांगण्यावर विसंबून निकाल देता येत नाही, वैद्यकीय कागद किंवा तज्ज्ञाचं मत लागतंच. माझ्या बाबतीत हाडांच्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी 'लसीनंतर लगेच' असं उपचारांच्या ओघात, दाव्याचा विचारही नसताना लिहून ठेवलेलं होतं. मेसेज आणि शपथपत्रं त्याला पूरक ठरली. लस घेतल्यावर दुखणं आपोआप जाईल म्हणून माणसं काही आठवडे थांबतात यात वावगं काही नाही, असंही निर्णयात होतं. ते वाक्य मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. त्यानंतर भरपाईला पात्र असल्याचा आदेश यायला फार वेळ लागला नाही.

किती, हा प्रश्न राहिला. पदरचा वैद्यकीय खर्च आणि बुडालेला पगार यांचा हिशेब पावत्यांवरून होतो. वेदनेच्या भरपाईला कायद्याने अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा आहे, ती १९८६ पासून तशीच. पण खाली आकडा कसा लावायचा? तर जुने निकाल काढायचे. कोणाची शस्त्रक्रिया झाली, कोणाला किती इंजेक्शनं, कोणाचा हात किती अंशांपर्यंत जायचा, दुखणं किती महिने. मग 'आमची अर्जदार या बाईपेक्षा जास्त आणि त्या गृहस्थापेक्षा कमी' असं दोन्ही बाजू मांडत बसतात. मी ते निकाल वाचले. अनोळखी माणसं: कोणी बर्फ उपसू शकत नाही, कोणाला नातवाला उचलता येत नाही. प्रत्येकाच्या पुढे डॉलरमध्ये एक आकडा.

इथे मला सगळ्यात त्रासदायक ठरली ती वेदनेची पट्टी. फिजिओथेरपीला गेलं की दर वेळी विचारतात: शून्य ते दहामध्ये आज किती दुखतंय? आता आपल्याकडे कोणी "कशी आहेस?" विचारलं तर "बरं आहे" म्हणायची रीत आहे. तापाने फणफणलेली बाईसुद्धा तेच म्हणते. दहा म्हणजे बाळंतकळा, असं मी मनाशी धरलं होतं. मग हे किती? तीन. फार तर चार. माझ्या मनात तीन म्हणजे रात्री दोनदा जाग येणं. सरकारी बाजूच्या म्हणण्यात त्या तीनला 'सौम्य' असं विशेषण लागलं आणि तारखांसकट रांगेने ते सगळे तीन मांडले गेले. इन्शुरन्सने मंजूर केलेल्या खेपा संपल्यावर मी घरीच भिंतीवर बोटं चढवायचा आणि कप्पीच्या दोरीचा व्यायाम करत राहिले, तो काळही 'उपचार थांबले' असा वाचला गेला.

मला वाचवलं फिजिओथेरपिस्टच्या कोनमापकाने. तिने दर भेटीला हात बाजूने किती वर जातो ते मोजून लिहिलं होतं. निरोगी हात १८० अंशांपर्यंत जातो, माझा सुरुवातीला ८० ला अडकलेला. पाठीमागे अंगठा कुठल्या मणक्यापर्यंत पोचतो तेही लिहिलेलं. 'बरं आहे' म्हणणाऱ्या तोंडापेक्षा कोनमापक जास्त खरं बोलतो. कोणी मला आता खांद्याबद्दल विचारलं तर मी सांगते, आकडा दुखण्याचा विचारतील तेव्हा त्यासोबत एक काम सांगा: 'चार, आणि केस बांधता येत नाहीत.' सहायिका टाइप करते ते दोन्ही.

दोन्ही बाजूंचे आकडे हळूहळू जवळ आले आणि एकमत झालेला प्रस्ताव कोर्टापुढे गेला. रक्कम पाच आकडी होती, इथे एवढंच सांगते. निकाल कोर्टाच्या संकेतस्थळावर नावासकट प्रसिद्ध होतो. खाजगी मजकूर झाकायचा असेल तर १४ दिवसांत कारण देऊन अर्ज करायचा. मी केला नाही. माझ्या आयुष्यातल्या झाकण्यासारख्या गोष्टींत डावा खांदा बसत नाही.

न्यायनिर्णय नोंदला गेल्यावर एक शेवटची सही असते: रक्कम स्वीकारता की नाकारून साध्या दिवाणी कोर्टात जाता? ठरवायला ९० दिवस. स्वीकारलं की कंपनीवर किंवा लस देणाऱ्यावर त्याच इजेसाठी पुन्हा दावा नाही. मी त्याच दिवशी सही करून पाठवली. धनादेश काही आठवड्यांनी आला. वकिलांच्या फीचा आदेश त्यानंतर वेगळा निघाला आणि त्यातला एक सेंटही माझ्या रकमेतून गेला नाही.

हात आता १६० च्या पुढे जातो. थंडीत कुरकुरतो. पाठीमागची हुक अजून पुढून लावून फिरवून घेते. ताईला बातमी सांगितली तर तिचं म्हणणं, केस तिच्या मेसेजवर जिंकली, तेव्हा निम्मे तिचे. मेसेज माझा होता, तिचं त्यात फक्त हळद-दूध होतं, असं मी लेखी पुराव्यानिशी दाखवून दिलं. प्रकरण एका पैठणीवर मिटलं.